ज्याचं ताट त्याचं वजन

परबबाई कुणाला ‘कशा आहात’ असं विचारत नसत. ‘काल काय जेवलात’ असं विचारत. समोरचा ‘वरणभात’ म्हणाला की पुढचा प्रश्न तयार असे, ‘भात किती?’ या प्रश्नापाशी भलेभले अडखळत. परळच्या सरकारी आहार-पाहणी कचेरीत मी नोकरीसाठी गेले तेव्हा माझीही तीच गत झाली. फणसवाडीत वाढलेली मी रसायनशास्त्राची नवीकोरी पदवी घेऊन त्यांच्यासमोर बसले होते. प्रमाणपत्र त्यांनी न उघडता बाजूला ठेवलं आणि काल दुपारी मी किती भात खाल्ला ते विचारलं. मी ओंजळीने अंदाज दाखवला. त्या म्हणाल्या, “रोज खातेस आणि किती ते ठाऊक नाही. बरं झालं. ज्यांना ठाऊक असतं ते फुगवून सांगतात. उद्यापासून ये.”

तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या पुढे असतील. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो क्षयाने लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. मग त्या सुईणीचं काम शिकल्या आणि एका प्रसूतिगृहात बारा वर्षं राहिल्या. ते सोडून या आहार-पाहणीच्या तात्पुरत्या नोकरीत का आलात, असं मी एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं, की प्रसूतिगृहात बाई आपल्याला शेवटच्या दिवशी भेटते. आधीचे महिने तिच्या पोटात काय गेलं ते आपण पाहिलेलंच नसतं. मग ती दगावली की आपण नशिबाला बोल लावतो. “मला ते आधीचे महिने बघायचे होते,” एवढंच त्या म्हणाल्या.

कचेरीत त्या शुद्ध मराठी बोलत. राग आला किंवा जीव कळवळला की मालवणी सुरू होई, आणि दोन्हींतलं नेमकं काय झालंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागे. अंगाने किरकोळ होत्या, पण चालणं असं, की चाळीचे तीन मजले चढून गेल्यावर मी धापा टाकत असे आणि त्या कठड्याला टेकून माझी वाट पाहत असत. तराजू त्या स्वतः उचलत. तो पंच्यात गुंडाळलेला असे आणि कुणाच्या दारात गेल्यावर आधी पंचा अंथरून मगच त्यावर ठेवला जाई. लोकांच्या स्वयंपाकघरात आपण पाय ठेवतो तेव्हा निदान आपली भांडीकुंडी जमिनीवर आदळू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या कामाचा सगळा आधार म्हणजे एक छापील तक्ता. एका माणसाला दिवसाला काय काय किती लागतं ते त्यात मांडलेलं होतं. उष्मांक, प्रथिनं, चुना म्हणजे कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं. बसून काम करणारा पुरुष, अंगमेहनतीचा पुरुष, बाई, गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई, वयाप्रमाणे मुलं, अशा प्रत्येकाचा वेगळा रकाना. पहिल्या महिन्यात मी तो पाढ्यांसारखा पाठ केला. परबबाईंनी तो मला पुन्हा वाचायला शिकवला. हे आकडे एका दिवसाचे म्हणून लिहिले असले तरी एका दिवसात तपासायचे नाहीत, त्यांनी सांगितलं. सोमवारी कमी खाल्लं आणि बुधवारी भरून निघालं तर बिघडत नाही, म्हणून सात दिवस मोजायचं. आकड्यांत थोडं जास्तीचं धरलेलं असतं, कारण सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. तेव्हा कुणी जरा खाली दिसला म्हणून त्याला आजारी ठरवायचं नाही. पण जितका खाली, तितका धोका मोठा. आणि शेवटी, तक्ता सांगतो ते एका माणसाबद्दल. “घराला पोट नसतं, कुमुद,” त्या म्हणायच्या. “पोट माणसाला असतं.”

हे मी वहीत उतरवून घेतलं. कळलं मात्र लालबागमध्ये.

त्या हिवाळ्यात गिरणगाव धुमसत होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावर चाळीचाळीतून सभा होत होत्या. भिंतींवर डांबराने घोषणा लिहिलेल्या, नाक्यावर पोलिसांच्या लॉऱ्या. कुठल्या दिवशी हरताळ होईल आणि कुठल्या रस्त्यावर अश्रुधूर सुटेल त्याचा नेम नव्हता. माझे वडील रोज सकाळी मला आज नको जाऊस म्हणायचे, आणि मी रोज निघायची. अशा दिवसांत आमच्या वाट्याला लालबागच्या एका चाळीतली खोली आली.

ती खोली भागीरथीबाईंची. साठीच्या आसपासची कोकणातली विधवा बाई. मुलगा दत्ताराम गिरणीत, त्याची बायको शेवंता, आणि दोन वेळा जेवायला येणारे गावाकडचे सहा गिरणीकामगार. घरगुती खाणावळच ती. शेवंता एकोणीस-वीस वर्षांची होती आणि तिला सहावा महिना सरत आला होता. पहाटेपासून तिचं जातं, चूल, नळ सुरू असे. तिला एक शब्द बोलताना मी पहिले दोन दिवस ऐकलं नाही.

आम्ही शिजवण्याआधी सगळं मोजायचो. तांदूळ, पीठ, डाळ, बांगडे, सुकट, खोबरं, तेल. उरलेलं वजा करायचो. मग बेरजेला माणसांनी भागायचं, अंगमेहनतीचा पुरुष पूर्ण धरायचा, बाई त्याहून थोडी कमी, असा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी मी आकडा काढला आणि मला आनंद झाला. या घरात दरमाणशी सगळं तक्त्याला टेकत होतं, काही बाबतीत वरच होतं. इतकं चांगलं घर आम्हाला त्या महिन्यात मिळालं नव्हतं. मी तो कागद परबबाईंना दाखवला. त्यांनी पाहिला आणि विचारलं, “हे कुणी खाल्लं?”

तिसऱ्या दिवशी आम्ही दुपारी उठलो नाही. पुरुषांच्या पंगती उठल्या, भांडी आवरली, आणि अडीच वाजून गेल्यावर सासू-सून जेवायला बसल्या. परबबाईंनी दोघींची ताटं मागून घेतली आणि एकेक पदार्थ तराजूत घातला. भागीरथीबाईंना ते मुळीच आवडलं नाही, पण सरकारी काम म्हणून त्या गप्प राहिल्या. मी औंस लिहून घेत होते. शेवंताच्या ताटात अर्धी भाकरी, मूठभर भात आणि कालवणाचं पाणी होतं. मासा नव्हता. डाळ संपली होती. ताट परत देताना परबबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आतला भाग कागदासारखा पांढरा होता.

जिना उतरताना मी म्हणाले, की सासूला सांगायला हवं. परबबाई थांबल्या. पाहणीचा एक नियम होता, आणि तो त्यांनीच मला शिकवला होता. मोजण्याच्या आठवड्यात घराला सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिला की घर आपल्याला दाखवण्यासाठी शिजवू लागतं आणि सगळी मोजणी खोटी पडते. त्या म्हणाल्या, “आठवडा संपू दे. चार दिवस राहिले.”

चौथा दिवस गेला. पाचवा गेला. रोज अडीच वाजता आम्ही ताटांची वजनं करत होतो आणि मी ती लिहीत होते. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून परबबाई तारखा घालत. सहाव्या दिवशी शेवंता नळावरून भरलेली बादली घेऊन जिना चढत होती. आम्ही मागे होतो. अर्ध्या जिन्यात तिने बादली खाली ठेवली, कठडा धरला आणि हळूहळू पायरीवर बसली. तिला श्वास पुरत नव्हता. परबबाईंनी तराजू माझ्या हातात दिला, बादली उचलली आणि थेट खोलीत जाऊन भागीरथीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

त्या दिवशी नियम मोडला. परबबाईंनी आवाज चढवला नाही, पण बोलणं मालवणीत सुरू होतं. या पोरीच्या अंगात रक्त नाही, हिला दोन जिवांचं लागतं, तुम्ही हिला एका जिवाचंही देत नाही, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं की भागीरथीबाई भांडतील. त्या चुलीपुढून उठल्या, दार लोटलं आणि म्हणाल्या, “माझा चेडू दोन दिस अडून रवला. पोर मोठा होता. दोघांय गेली.”

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. त्यांना एकच मुलगी होती. पहिल्या खेपेला तिला त्यांनी डोहाळे पुरवून पुरवून खाऊ घातलं. मूल मोठं झालं, अडलं, आणि गावात डॉक्टर नव्हता. तेव्हापासून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की घरातल्या बाईला गरोदरपणी हात आखडूनच वाढायचं. मूल लहान राहील, सुटका सोपी होईल. ही सून त्यांना नकोशी नव्हती. ती मरू नये म्हणून त्या तिला उपाशी ठेवत होत्या.

परबबाईंनी भागीरथीबाईंना जवळ बसवून समजावलं. मूल अडतं त्याला कारणं अनेक, त्यासाठी इथे परळला मोठं हॉस्पिटल आहे, डॉक्टर आहेत. उपासाने मूल लहान राहतं हे खरं, पण अशक्त बाईला कळा सोसत नाहीत, आणि थोडं रक्त गेलं तरी तिला ते परवडत नाही. “पोराबरोबर आईपण लहान होते,” त्या म्हणाल्या. भागीरथीबाईंनी ऐकलं. पटलं की नाही ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परबबाई शेवंताला हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तपासणीत रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या दिवसापासून आमची पाहणी संपूनही परबबाई रोज सकाळी कामावर येण्याआधी लालबागला जायच्या. नाचणीची पेज, माठाची भाजी, कधी अंडं, कधी काळीज, असं काही ना काही नेऊन शेवंताला समोर बसवून खायला लावायच्या. गोळ्यांना आणि अन्नाला रक्त वाढवायला आठवडे लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या मनात आठवडे मोजत होत्या.

त्याच दिवसांत कचेरीत खटका उडाला. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना वरून आलेल्या नमुन्यात कुटुंबाचा सरासरी आकडा भरायचा होता. त्या घरासमोर ‘पुरेसे’ असा शेरा पडत होता. परबबाईंनी सही करायला नकार दिला. प्रत्येकाच्या ताटाचा वेगळा कागद जोडा, मगच सही करीन, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की बाई, एकेका ताटाचं वजन करत बसलो तर ही मुंबई मोजायला शंभर वर्षं लागतील. तुमची नेमणूक मार्चपर्यंत आहे हेही ध्यानात असू द्या. परबबाई म्हणाल्या, “ध्यानात आहे. पण त्या घरात एक बाई भुकेली आहे, आणि तुमच्या कागदावर ती जेवलेली दिसते. त्याखाली माझं नाव नको.”

त्यानंतर तीन दिवसांत शहर बंद पडलं. हरताळ, मग गोळीबार, मग संचारबंदी. मी आदल्या दिवशी घरी परत जाऊ शकले नव्हते, परबबाईंच्याच खोलीवर राहिले होते. त्यांची खोली लालबागपासून पाचेक मिनिटांच्या गल्लीत. सकाळी दहाच्या सुमाराला दत्ताराम मागच्या बोळांतून धावत आला. शेवंताला कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायला दोन महिने बाकी होते.

आम्ही पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि ओठ पांढरे पडले होते. परबबाईंनी तपासलं. घरात बाळंतपण करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, की हिला इथे ठेवणार नाही, हिला रक्त लागेल. बस नव्हती, टॅक्सी नव्हती. खाणावळीतल्या सहा जणांनी खालून एक हातगाडी आणली, तिच्यावर गोधड्या घातल्या आणि शेवंताला निजवलं. दत्ताराम तिच्या उशाशी चालत होता. भागीरथीबाई मागून चालू लागल्या. त्यांना कुणी थांबवलं नाही.

मोठा रस्ता पार रिकामा होता. विटांचे तुकडे, फुटक्या काचा आणि कुणाची तरी एक चप्पल. हातगाडीच्या चाकांचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटत होता. नाक्यावर पोलीस उभे होते. त्यांतल्या दोघांनी बंदुका वर केल्या आणि आम्ही थांबलो. सहा गिरणीकामगार, संचारबंदीत, एक गाडी ओढत. त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. इन्स्पेक्टर पुढे आला आणि त्याने पुरुषांना हात वर करून मागे फिरायला सांगितलं.

परबबाई हातगाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विनवणी केली नाही. त्या म्हणाल्या, “मी सुईण आहे. ही बाई बाळंत होतेय आणि हिच्या अंगात निम्मंसुद्धा रक्त नाही. हे सहा जण गाडी ओढायला नाहीत, रक्त द्यायला आहेत. यांना परत पाठवायचं तर आम्हालाही पाठवा, आणि तुमचं नाव सांगून ठेवा.”

इन्स्पेक्टरने परबबाईंकडे आणि मग गाडीकडे पाहिलं. गाडीवर शेवंता कण्हली. त्याने बाजूला व्हायची खूण केली आणि एक हवालदार आमच्याबरोबर दिला. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत तो पुढे चालला.

मूल तासाभरात झालं. मुलगा. दोन्ही तळहातांत मावेल एवढा. मागाहून शेवंताला रक्तस्राव सुरू झाला. सहांपैकी दोघांचं रक्त जुळलं आणि दत्तारामचंही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि ती वाचेल म्हणाले. मूल दोन दिवस जगलं.

तिसऱ्या दिवशी, बाहेरच्या बाकावर भागीरथीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी परबबाई. मी समोर उभी होते. भागीरथीबाई रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “लहान पोर मियाच मागितलंय. देवान दिल्यान.”

परबबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. “तुमी मागितल्यात,” त्या म्हणाल्या, “आणि मी चार दिस समोर बसान लिवन घेतलंय. एकट्या तुमच्यावर घेव नका.”

त्या चार दिवसांबद्दल त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती. त्यानंतर त्यांच्याबरोबर मी जितक्या घरांत गेले, तिथे मोजणी सुरू होण्याआधी त्या घरातल्या बायकांच्या पापण्या बघत. नियम मोडतोय असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाल्या, की मोजणी बिघडली तर पुन्हा करू.

मार्चमध्ये त्यांची नेमणूक संपली ती पुढे वाढली नाही. त्यांच्या सहीशिवाय अहवाल गेला. त्यांनी तक्रार केली नाही. त्या एका खाजगी प्रसूतिगृहात पुन्हा लागल्या आणि दुपारच्या वेळात गिरणगावातल्या चाळींच्या गच्चीवर बायकांना जमवून तो तक्ता शिकवू लागल्या. आकडे सांगत नसत. ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या, पालेभाजीच्या जुड्या, डाळीच्या वाट्या, अशा मापांत सांगत. बायका येत. भागीरथीबाई पहिल्या दिवसापासून पुढे बसत. तिकडे मोर्चे चालूच होते, कधीकधी खालच्या घोषणांमुळे बाईंना मध्येच थांबावं लागे. चार वर्षं हे चाललं. दरम्यान शेवंताला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, आणि ते बाळंतपण परबबाईंनीच केलं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी त्या गावी गेल्या. म्हाताऱ्या आईला बघायला कुणी नव्हतं. परत येईन म्हणाल्या होत्या, पण आल्या नाहीत. तीन वर्षांनी पुतण्याचं पत्र आलं, की काकी कावीळ होऊन गेली. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावी जायला निघाल्या त्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावर.

बोटीला वेळ होता. मी आणि भागीरथीबाई पोचवायला गेलो होतो. भागीरथीबाईंनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की बाई, आता आमच्या घरात पहिलं ताट शेवंताचं वाढलं जातं, मग पोरीचं, आणि मग पंगत बसते. परबबाईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी विचारलं, “आणि तुमचा ताट कितवा?”

भागीरथीबाई हसल्या. भोंगा झाला, आणि परबबाई वळकटी उचलून फळीवरून गेल्या.

आम्ही चालत परत निघालो. बरंच अंतर गेल्यावर भागीरथीबाईंनी मला विचारलं, की त्या वेळी, त्या सात दिवसांत, माझ्याही ताटाचं वजन लिहिलं होतं का?

लिहिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही ताटं तराजूत जात होती. दोन्हींचे औंस मीच लिहिले होते, दोन्हींच्या बेरजा मीच मांडल्या होत्या. पण माझं सगळं लक्ष शेवंताच्या आकड्याकडे होतं, आणि त्याखालची ओळ मी लिहून पुढे गेले होते. रस्त्यात चालता चालता ती ओळ मला पहिल्यांदा दिसली.

“लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“किती होतं?”

मला खोटं सांगता आलं नाही. “शेवंतापेक्षा कमी.”

त्या थांबल्या नाहीत. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि काही पावलं गेल्यावर, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, “माका कोण इचारूकच नाय गे.”

एरवी मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडायची, तसं त्या दिवशी सोडलं नाही. वर खोलीपर्यंत गेले. पुरुष जेवून गेले होते, शेवंता जेवून मुलीला निजवत होती. मी दोन ताटं घेतली, त्यांना समोर बसवलं, आणि आधी त्यांना वाढलं.